चालता येतं, चालवत नाही

फॉर्म साधाच होता. दोन पानं, इंग्रजीत, प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन, यस आणि नो. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओ मिळावी म्हणून तो भरून द्यायचा होता. आई शेजारच्या खुर्चीत, वॉकर समोर, आणि मी पेन घेऊन एकेक ओळ तिला मराठीत करून सांगत होते. स्वतःच्या हाताने जेवता येतं का, यस. केस विंचरता येतात का, यस. मग आलं, इज द पेशंट एबल टू वॉक. मी विचारलं, "आई, चालता येतं ना तुला?" खरं तर विचारायचंही कारण नव्हतं, पेन यसच्या चौकोनाकडे निघालंच होतं, कारण आदल्या दिवशी पलंगापासून बाथरूमपर्यंत ती वॉकर घेऊन गेलेली मी डोळ्यांनी बघितली होती. आई म्हणाली, "चालता येतं गं. चालवत नाही."

मी एक क्षण थांबले. मागे रांग होती, काउंटरवरच्या बाई हात पुढे करून बसल्या होत्या. मी यसवर टिक केली आणि कागद देऊन टाकला.

ती टिक मला अजून दिसते.

दोन दिवसांनी फोन आला की पेशंट एबल टू वॉक आहे, मग घरी यायची गरज नाही, त्यांना आठवड्यातून तीनदा सेंटरवर घेऊन या. फोनवर बोलणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याच्यासमोर माझीच टिक होती. पण जिना उतरायचा, गाडीत बसायचं, उतरायचं, लांबलचक कॉरिडॉर, हे सगळं त्या एका चौकोनात मी आईच्या वतीने कबूल करून आले होते, आणि तेही तिने मला स्पष्ट सांगितलेलं असताना. तिने एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, मी त्यातली सोयीची तेवढी उचलली. रात्री ती झोपल्यावर मी तेच वाक्य मनात घोळवत बसले होते. चालता येतं, चालवत नाही. इंग्रजीत हे कसं म्हणायचं? शी इज एबल टू वॉक, बट शी इज नॉट एबल टू वॉक. कुणाला दाखवलं तर म्हणेल काहीतरी चुकलंय.

आणि मराठीत किती सहज बोलून गेली ती. "येतं" म्हणजे शिकून अंगात आलेलं. पोहता येतं, विणता येतं, सायकल येते. मी कुठेतरी गेले आणि ते मिळवलं असं नाही, ते माझ्याकडे आलं, आणि एकदा आलं की सहसा जात नाही. आईला चालता आलं ते वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास कधीतरी, आणि तेव्हापासून ते तिच्याकडेच आहे, खुब्याचं हाड मोडलं म्हणून ते कुठे जाणार. पण "चालवत नाही" हे आजचं असतं. या सकाळचं, या पायाचं, टाकलेल्या टाक्यांचं आणि पुन्हा पडू या भीतीचं. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात, शाळेत एका मार्काच्या प्रश्नापुरतं पाठ केलेलं. मला उठवत नाही, खाववत नाही, बघवत नाही, तिला काही बोलवेना. यात करणारा माणूस कर्त्याच्या जागी नसतोच, "मला" होऊन बाजूला बसलेला असतो, क्रिया आपली आपण होते किंवा होत नाही. बघवत नाही म्हणताना डोळे चांगले असतात, दिसत असतं सगळं, तरी बघणं आतून नाही म्हणतं. डोळ्यांचा डॉक्टर यात काय तपासणार?

आणखी एक गंमत मला त्या दिवसांत पहिल्यांदा लक्षात आली. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर मला म्हणाले होते, "त्यांना रोज चालवा." आणि आई म्हणते मला चालवत नाही. शब्द तोच. एकात दुसऱ्याला चालायला लावणं आणि दुसऱ्यात स्वतःला चालणं शक्य होणं. मी तिला चालवते आणि तिला चालवत नाही, या दोन्ही गोष्टी त्या महिन्यात रोज सकाळी एकाच खोलीत घडत होत्या.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी एकदा माझ्या निबंधातला एक शब्द लाल पेनाने खोडला होता. मी लिहिलं होतं की बाबांना उशीर झाला होता पण ही कुड कॅच द ट्रेन. बाईंनी कुड खोडून वर लिहिलं, वॉज एबल टू. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, एकदाच घडलेली आणि खरंच जमलेली गोष्ट असेल तर वॉज एबल टू, नुसती क्षमता सांगायची असेल तर कुड. लहानपणी मला पोहता यायचं, तिथे कुड. त्या दिवशी मी पोहून काठाला लागले, तिथे वॉज एबल टू. मी पाठ केलं, मार्क मिळवले, समजलं मात्र काहीच नव्हतं. आणि मग आणखी गोंधळ, कारण नकारात हा फरक राहतच नाही, कुडंट दोन्हीकडे चालतं. हे असं का, ते मला आता, आईच्या पलंगाशेजारी बसल्यावर उलगडलं. कुड म्हणजे दार उघडं होतं, एवढंच. त्यातून कुणी गेलं की नाही ते तो शब्द सांगत नाही, म्हणून गेलं हे सांगायला दुसरा शब्द लागतो. पण दार बंदच असेल तर कुणी गेलं नाही हे वेगळं सांगावंच लागत नाही. म्हणजे होकारात दोन गोष्टी असतात आणि नकारात एकच. आईच्या नकारात मात्र दोन्ही शिल्लक होत्या.

कॅन हा शब्द तसा अपुराच आहे. त्याला भविष्यकाळ नाही. विल कॅन असं म्हणता येत नाही, कॅनच्या आधी टू लावता येत नाही, तिथे एबल धावून येतो. विल बी एबल टू. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी आयसीयूच्या बाहेर सर्जननी आम्हाला सांगितलेलं वाक्य हेच होतं, शी विल बी एबल टू वॉक. त्या वाक्याला आम्ही सगळे इतके धरून बसलो की पुढचे कित्येक दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते तसंच्या तसं, इंग्रजीतच सांगत होतो. मराठीत केलं असतं तर लगेच प्रश्न पडला असता, म्हणजे चालता येईल की चालवेल? आम्हाला तो प्रश्न नको होता बहुतेक.

नंतर मी या एबलचं मूळ शोधायला लागले, झोप येत नसली की फोनवर डिक्शनरी वाचायची सवय लागली होती. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला हाबिलिस. हाबिलिस म्हणजे हातात नीट धरता येणारं, हाताळायला सोपं, बेताचं. मूळ धातू हाबेरे, धरणं, जवळ असणं. आपल्याला वाटेल इंग्रजीतला हॅव यातूनच आला असेल, दिसायला तर सख्खे भाऊ वाटतात, पण नाही, हॅवचं नातं लॅटिनमधल्या कापेरे या दुसऱ्याच धातूशी आहे, पकडणं, घेणं, आणि त्याच कापेरेतून केपेबल निघाला. म्हणजे एबल आणि केपेबल, दोन्हींच्या मुळाशी हात आहे. वस्तू धरणारा हात. मला सगळ्यात आवडलं ते हे की हाबिलिस हे माणसापुरतं नव्हतंच, पायाला व्यवस्थित बसणाऱ्या जोड्यांनाही लॅटिनमध्ये हाबिलिस म्हणत. आता जोडा पायाला बसतो हा गुण कुणाचा, जोड्याचा की पायाचा?

हे मी वाचलं त्याच आठवड्यात फिजिओ आली. फॉर्म बदलून घ्यायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या, पण आली. लहानशीच मुलगी, आईला आजी म्हणायची, आई तिला बाळा. तिने आल्या आल्या आईच्या पायाला हातही लावला नाही. आईला वॉकर धरून उभं केलं, हात खाली सैल सोडायला सांगितले आणि मनगटाची घडी वॉकरच्या दांड्याच्या पातळीला येते का ते वाकून बघितलं. येत नव्हती. दांडे दोन खाचा वर होते. पाच आठवडे आई खांदे वर ओढून चालत होती, आणि आम्ही रोज म्हणत होतो की जरा मनावर घे. त्या मुलीने चारही पायांची बटणं दाबून टकटक करत उंची कमी केली, म्हणाली आता बघा आजी. आई चार पावलं गेली. तोच पाय, तोच खुबा, तीच भीती, फक्त दांडा हाताला बसला. मी तिथे उभी राहून हाबिलिस, हाबिलिस असं मनात म्हणत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं, कारण पाच आठवडे आम्ही जे तिच्यात शोधत होतो त्यातलं निदान अर्धं त्या दोन खाचांमध्ये होतं.

ही गोष्ट माझ्या एकटीच्या ध्यानात आली असं नाही, या विषयात काम करणाऱ्यांना ती कधीची माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली माणसाच्या कार्यक्षमतेचं जे वर्गीकरण स्वीकारलं त्यात दोन वेगळे रकाने आहेत. एक कपॅसिटी, म्हणजे एका ठरावीक, सारख्या परिस्थितीत माणसाला काय जमतं, आणि दुसरा परफॉर्मन्स, म्हणजे तो जिथे राहतो तिथे, त्याच्या जिन्यासकट आणि माणसांसकट, तो प्रत्यक्ष काय करतो. त्याच्याही खूप आधी, १९६५ पासून, बार्थेल इंडेक्स नावाची मोजणी वापरात आहे. दहा कामं, एकूण शंभर मार्क, चालण्याच्या ओळीत सपाट जमिनीवर पन्नास यार्ड. पुढे ती वापरणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या त्यात स्पष्ट म्हटलंय की पेशंट काय करतो ते लिहा, काय करू शकेल ते नको. मला हे वाचून फार बरं वाटलं. आईने मला हेच सांगितलं होतं, काउंटरवर, तीन सेकंदांत.

आणि यस-नो च्या चौकोनाने माणसाचं काय होतं ते इतिहासात बघायला मिळतंच. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांच्या कायद्यामागचं धोरण असं होतं की जे एबल-बॉडीड, म्हणजे अंगाने धडधाकट, त्यांना मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या घरात, यावं, आणि तिथलं जगणं मुद्दाम बाहेरच्यापेक्षा कठीण ठेवायचं. एबल ठरणं ही तिथे शाबासकी नव्हती. एबल ठरलास म्हणजे आता तुझं तू बघ. समुद्रावर त्याच शब्दाला वेगळीच इज्जत, जहाजावर ऑर्डिनरी सीमनच्या वरचा तो एबल सीमन, ज्याला शिडं आवरता येतात, सुकाणू धरता येतं, आणि ही पायरी बोटीवर दिवस काढूनच मिळायची. माणसाच्या नावाआधी एबल लावला की कौतुक, एबल अॅडमिनिस्ट्रेटर, एबल लीडर, आपण ज्याला कर्तबगार म्हणू तसं. मागे टू लावला की तपासणी.

सगळ्यात जास्त मी थांबले ते डिसेबल या शब्दापाशी. डिसेबल हे क्रियापद आहे, कुणीतरी कुणाला तरी करायचं. फोनच्या सेटिंगमध्ये सक्षम करा, अक्षम करा अशी बटणं असतात, बोट लावलं की ते राखाडी होतं, त्याच्या आत काही बिघडलेलं नसतं, फक्त बाहेरून बंद केलेलं असतं. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या शारीरिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या एका संघटनेने, युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन असं लांबलचक नाव, हेच ठामपणे मांडलं, की शरीरातली कमतरता ही एक गोष्ट आणि आम्हाला डिसेबल करतो तो समाज. पूर्वी हे वाचलं असतं तर मला जरा टोकाचं वाटलं असतं. आता नाही वाटत. मी स्वतः एका पेनाने माझ्या आईला जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन उभं केलं होतं. अर्थात सगळंच बाहेर असतं असंही नाही, हे मला तिच्याकडे रोज बघताना कळत होतं. दांडे नीट झाले, वाटेतला गालिचा काढला, रात्रीचा दिवा लावून ठेवला, तरी काही सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून राहायची आणि म्हणायची आज नको. तो आज नको कुठल्याच खाचेने कमी होणारा नव्हता. तो तिचा होता.

आपल्याकडच्या शब्दांनी मला त्या दिवसांत जास्त साथ दिली. सक्षम हा शब्द सरकारी वाटतो, भाषणात वापरून वापरून त्याचा पार भुगा झालाय, पण त्यातला क्षम म्हणजे सहन करणं, सोसणं. क्षमता आणि क्षमा एकाच धातूच्या. जो सोसू शकतो तो सक्षम, आणि जो सोसून सोडून देतो तो क्षमा करतो. आईने माझ्या त्या टिकचा विषय कधीच काढला नाही, नंतर एकदाही नाही. अशक्त हा शब्द आपण तापातून उठलेल्या माणसाला लावतो, चेहरा उतरलेला वगैरे, पण शब्दशः तो एबल नसलेलाच, शक् धातूतला. आणि समर्थ. पाणिनीचं एक सूत्र आहे, समर्थः पदविधिः, त्यात समर्थ म्हणजे बलवान वगैरे नाही, ज्या शब्दांचा अर्थ एकमेकांशी जोडलेला आहे असे शब्द. अर्थाने जुळलेले असतील तरच त्यांचा समास होतो. मला हे फार जवळचं वाटतं. वॉकर आणि मनगट, आई आणि ती फिजिओ मुलगी. एकट्या शब्दाला समर्थ म्हणून काय उपयोग.

मग झेपणं, पेलणं, निभणं, जमणं, धजणं. यातला प्रत्येक शब्द थोडा वेगळ्या जागी दुखतो. झेपत नाही म्हणजे ओझं माझ्या आवाक्यापेक्षा मोठं, जमत नाही म्हणजे गोष्टींचा मेळ बसत नाही, धजत नाही म्हणजे पाऊल पुढे टाकायचं धाडस होत नाही. आईला यातलं बरंचसं एकाच वेळी होत होतं आणि ती वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं बोलायची. मी ते नीट ऐकायला लागले. ज्या दिवशी ती म्हणायची आज झेपणार नाही त्या दिवशी आम्ही अंतर कमी करायचो, आणि ज्या दिवशी म्हणायची मन धजत नाही त्या दिवशी अंतर तेवढंच ठेवून मी तिच्या पाठीमागे कमरेला हात लावून चालायचे, नुसता हात, आधार असा नाही, आणि ती जायची. एकदाही मात्र ती मी चालू शकत नाही असं म्हणाली नाही. शकणं हा शब्द मला बातम्यांमधलाच वाटतो, आपण पाहू शकता, आपण संपर्क करू शकता. दुखणाऱ्या माणसाच्या तोंडात मला तो फारसा ऐकू आला नाही.

फिजिओ मुलीने एक वही ठेवायला सांगितली होती. रोज काय केलं तेवढं लिहायचं, काय व्हायला पाहिजे ते नाही. मी तारीख टाकून लिहायला लागले. पलंग ते दार, वॉकर. पलंग ते दार, दोनदा. आज नाही. आज नाही. पलंग ते हॉल, मध्ये खुर्चीवर बसून. सुरुवातीला मी पुढे येतं, येत नाही असं काहीबाही लिहायचे, मग ते सोडलं.

काल सकाळी मी आतल्या खोलीत होते. बाहेर वॉकरचा आवाज आला, रबराच्या टोप्यांचा, आधी टक आणि मग पाय घासल्यासारखं. मी उठून जाणार होते पण थांबले, मोजत राहिले. बावीस वेळा वाजला. गेले तर आई हॉलच्या खिडकीशी उभी, एक हात वॉकरवर, दुसऱ्याने पडदा बाजूला केलेला. मी काही बोलले नाही. ती वळली, तेवढ्याच टकटकींनी परत आली आणि पलंगावर बसली, घाम आला होता कपाळाला. म्हणाली, "आज चालवलं गं."

वॉज एबल टू, बाई. लाल पेनाने लिहिलेलं. एकदाच, या सकाळी, आणि खरंच.

मी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं, खिडकीपर्यंत, न सांगता, चालवलं. आई चष्मा शोधत होती.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

"आणि परत पण आले," ती म्हणाली, "ते लिही."